बाजार उघडायच्या आधी

इक्बाल, मेल्या,

बघ, आलंच तोंडात. चाळीस वर्षं तुला याच नावाने हाक मारली. शाळेत, होडीवर, फोनवर, तुझ्या बायकोसमोरसुद्धा. आता लिहून गेलो आणि पेन थांबलं. पण खोडत नाही. खाडाखोड केलेला पेपर हातात आला की तू वर्गात कसा भडकायचास, त्याची नक्कल माझ्या पोरीने घरी कितीदा करून दाखवलीय.

तुझ्याच वहीत लिहितोय. ही निळ्या पुठ्ठ्याची. पंधरा वर्षं हिच्यात तुझा तो प्रबंध चालला होता आणि दर शनिवारी ही काखेत मारून तू माझ्या दुकानात यायचास. मागची तीसेक पानं कोरी आहेत. वही माझ्याकडे राहिली, कारण त्या शनिवारी तू ती घेऊन गेला नाहीस. तुला उचलून न्यावं लागलं. आज सोमवार. तुला मातीत ठेवून सात दिवस झाले, आणि मला अजून तुझ्याशी भांडायचंय.

तुझ्या शाळेत शोकसभा झाली. तू शांत होतास म्हणे. मितभाषी होतास म्हणे. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो आणि मला हसू फुटायला लागलं. इक्बाल सर, शांत? जुन्या इंग्लिशच्या एका वाक्यावरून माझ्या दुकानातला चहाचा पेला भिंतीवर फोडला, तो कोण होता मग? फोडून वर मलाच म्हणालास, "काचा गोळा कर, पायात जातील."

हाजींना एहरामचं कापड, कमरपट्टे आणि तसबीच्या माळा विकणाऱ्या माणसाला हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लिशचं काय पडलंय, सांग ना. बारावीला इंग्रजीत कसाबसा सुटलो मी, तेही तुझ्या पेपरात डोकावून. पण तू ऐकून घेशील तर शपथ. जेद्दाच्या जुन्या शहरात, बलदच्या त्या अरुंद गल्लीत, अर्धा बाजार आणि तीन देशांचे हमाल समोरून जात असताना, तू स्टुलावर बसून मला शिकवायचास. काळा चहा तिसरा आला की सुरू.

"हमीद, हजार-बाराशे वर्षांपूर्वीचं इंग्लिश आपल्या मराठीच्या जातीचं होतं. नामाला शेपूट असायचं, आपल्या 'ने' आणि 'ला'सारखं. मांजराने मासा खाल्ला म्हण, मासा मांजराने खाल्ला म्हण, खाल्ला मासा मांजराने म्हण. काही झालं तरी मासा मांजराला खात नाही. क्रियापदही पुष्कळदा आपल्यासारखं वाक्याच्या टोकाला जाऊन बसायचं. आणि तीन-चारशे वर्षांत सगळं गेलं. शेपट्या गळल्या. मग कोण खातोय आणि कोणाला खातोय हे कळायचं कसं? म्हणून प्रत्येकाला जागा नेमून दिली. करणारा पुढे, क्रिया मध्ये, ज्याच्यावर बेतलं तो मागे. जागा सोडायची नाही."

"बरं मग?" मी म्हणायचो. गिऱ्हाईक दारात उभं असायचं.

"बरं मग काय! शेपट्या तोडल्या कुणी, ते विचार."

"कुणी?"

"तलवारीने."

आणि मग तुझी गाडी सुटायची ती थांबायची नाही. उत्तरेकडून होड्यांतून माणसं आली, मठ जाळले, साधूंना कापलं, मग तिथेच जमिनी घेऊन राहिली. त्यांची बोली इंग्लिशची चुलत बहीण. शब्दाचं मूळ एकच, शेपट्या वेगळ्या. पुढे दोन पिढ्या, आठ पिढ्या, आणि मग दक्षिणेकडून फ्रेंच बोलणारे सरदार चढून आले. राजा मेला, जमीनदार मेले, उत्तरेतली गावं धान्यासकट आणि गुरांसकट पेटवून दिली. जुनं शुद्ध इंग्लिश ज्यांना लिहिता येत होतं, ते एकतर जमिनीखाली गेले किंवा गप्प बसले. शुद्ध काय नि अशुद्ध काय, सांगायला कोणी उरलंच नाही. मग भाषा शेतात, गोठ्यात, चुलीपाशी हवी तशी वळली. तुझ्या वहीत एका मठाची गोष्ट आहे. तिथले साधू दरवर्षी काय घडलं ते लिहून ठेवत. आधीच्या वर्षांची वाक्यं जुन्या वळणाची, आणि शेवटची पानं येईतो शेपट्या गळून पडलेल्या, वाक्यं नव्या चालीने चाललेली. त्या शेवटच्या पानांत काय लिहिलंय म्हणे? माणसांना पायांनी उलटं टांगून खालून धूर दिला. दोरीला गाठी मारून ती डोक्याभोवती मेंदूत रुतेपर्यंत पिळली. हे सांगताना तुझे डोळे लाल व्हायचे. एक गिऱ्हाईक तुला घाबरून न घेताच निघून गेलं होतं, आठवतंय?

मी म्हणायचो, थापा. साफ थापा. भाषा बाजारात बदलते.

माझंच बघ. तीस वर्षं या गल्लीत बसलोय. मी अरबी शिकलो कुठे? पठाण हमालाकडून, बंगाली झाडूवाल्याकडून, केरळच्या चहावाल्याकडून. आम्हा चौघांचं मिळून जे अरबी आहे ते ऐकून अरबाने डोकं धरावं. 'इंता रूह, अना इजी.' तू जा, मी येतो. झालं काम. त्यात ना मागचं शेपूट, ना पुढचं. जो पुढे उभा तो करणारा. कुणी कुणाला कापलं त्यासाठी? कुणी नाही. माल खपवायचा होता, म्हणून जे जड होतं ते आम्ही टाकून दिलं. तुझ्या त्या होडीवाल्यांनीही तेच केलं असणार. नवरा एका बोलीचा, बायको दुसऱ्या. मूळ शब्द दोघांना कळतो, शेपटीवरून भांडण होतं. तर टाका शेपटी! नवरा-बायकोत कसलं आलंय व्याकरण?

तेव्हा तू तो पेला फोडला होतास. म्हणालास, "आणि त्या बाईचा पहिला नवरा कुठे गेला, ते विचार की!"

 मी काचा गोळा केल्या.

एकदा मात्र तू स्वतःच फसलास. कबूल करून बसलास की काही पंडितांच्या मते त्या शेपट्या होड्या यायच्या आधीच ढिल्या व्हायला लागल्या होत्या. जोर शब्दाच्या सुरुवातीवर, त्यामुळे शेवट तोंडातल्या तोंडात विरायचा. मी टाळी वाजवली. "मग झालं तर! आपोआप गळल्या. कशाला तलवार नि कशाला काय!" तू वही मिटलीस आणि तीन शनिवार आला नाहीस. तुझं ते चौथं प्रकरण तिथेच अडलं. परवा चाळलं, अजून तिथेच अडलेलं आहे. समासात तुझ्या अक्षरात लिहिलंय, 'हमीदला काय सांगू?' ते वाचून मी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि आत बसून रडलो. गाढवा, प्रबंध विद्यापीठासाठी लिहीत होतास की माझ्यासाठी?

अब्बा वारले तेव्हा मला गावी जायचे कागद वेळेत मिळाले नाहीत. माझा कफील, ज्याच्या सहीशिवाय देश सोडता येत नाही तो, त्या आठवड्यात गावाला, फोन बंद. तिकडे खाडीकाठी त्यांना माती दिली आणि मी इथे शटर उघडून बसलेला. लोक आले, सबर कर म्हणाले आणि गेले. तू शाळेला दांडी मारून सकाळी आलास आणि दुकान बंद होईपर्यंत बसलास. सांत्वनाचा एक शब्द नाही. दिवसभर मला मठ कसे जळत होते ते सांगत राहिलास. त्या दिवशी मी तुझ्याशी इतका भांडलो की संध्याकाळी घसा बसला होता आणि घरी जाऊन मी जेवलो. तुझे आभार मानायचे राहून गेले. मित्राचे आभार कोण मानतं? आता मानतो.

आणि शाळेतली ती खिडकी. दगड मी मारला होता. हेडमास्तरांनी रांगेत उभं करून विचारलं आणि तू हात वर केलास, कारण तुला ठाऊक होतं, मला घरी दुसरा मार बसला असता. तुझ्या हातावर बारा छड्या. मी मोजल्या. नंतर आंब्याखाली विचारलं, "का रे खाल्लास?" तर म्हणालास, "तू गप्प होतास ना, मग कुणीतरी खायलाच हवा होता."

हे मला आत्ताच का आठवतंय, ते तुला कळलं असेल. तू तिथे होतास.

आता त्या शनिवारचं सांगतो. तुला सांगायची गरज नाही, पण लिहायची मला आहे.

दुपार कलली होती, असरची अजान व्हायला अर्धा तास होता. तू स्टुलावर, वही मांडीवर. मी तुला डिवचत होतो. म्हटलं, "दे सोडून ती तलवार. माझ्या बाजाराचं नाव टाक प्रबंधात आणि उरकून टाक." तू हसला नाहीस. फार हळू म्हणालास, "हमीद, तुला बाजारच दिसतो, कारण तू दहाला शटर उघडतोस. बाजार उघडायच्या आधी तिथलं रक्त कुणीतरी धुतलेलं असतं."

मला ते झोंबलं. का झोंबलं, सांगता येत नाही. तीस वर्षं घाम गाळून उभं केलेलं दुकान, त्यात रक्त कुठलं? डोकं तापलं. आणि नेमकी तेव्हाच सालेमची पिकअप गल्लीत मागे मागे घुसली.

सालेमला तू ओळखायचास. तो यमनी ड्रायव्हर, दात पडलेला, तुला 'उस्ताद' म्हणायचा. त्याने एहरामच्या कापडाचे माझे चार गठ्ठे उतरवले ते सरळ गटारीच्या पाण्यात. पांढरं कापड, इक्बाल. हाजींचं कापड. मी ओरडलो. तो म्हणाला, मागे गाड्या अडल्यात, यल्ला, उचल पटकन. मी त्याची गळपट्टी धरली. त्याने माझा हात झटकला, बस, एवढंच. आणि मी शटर ओढायची सळई उचलली. राग त्याचा नव्हता. राग तुझा होता. तुझ्यावर उचलता येत नव्हती, म्हणून त्याच्यावर उचलली.

तू मध्ये आलास. माझं मनगट दोन्ही हातांनी धरलंस. म्हणालास, "हमीद, हात खाली."

मी हिसडा दिला. अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून दिला. तुझा तो गुडघा आधीच अधू. तू मागे गेलास आणि डोकं पायरीवर आपटलं. जुन्या घराची प्रवाळी दगडाची पायरी, जिच्या कडेला तू म्हणायचास 'हिला तीनशे वर्षांनी धार आलीय'. आवाज झाला तो मी सांगत नाही. सालेम गुडघ्यावर बसला, आपला डोक्याचा रुमाल काढून तुझ्या डोक्याखाली दाबून धरला. मी सळई धरून उभा. पहिला धावला तो सालेम, मी नाही. हे लिहिलं पाहिजे.

रुग्णवाहिका आली, पोलीस आले. पोलिसांनी रक्ताने भरलेला माणूस पाहिला आणि तो सालेम होता. त्याच्या इकाम्याची, राहायच्या परवान्याची, मुदत संपलेली. त्याचा कफील फोन उचलेना. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्याला काही दिसलं नाही, कारण जुनी घरं दुरुस्त करायला परांची बांधून हिरवी जाळी सोडलीय. दुकानातली पोरं जेवायला गेलेली, उन्हात गल्ली ओस, आणि मागच्या गाडीवाल्यांना पिकअपच आड आली. म्हणजे काय झालं ते तीनच माणसांना ठाऊक. एक बेशुद्ध, एकाचं कोणी ऐकणार नाही, आणि एक मी.

आपल्या गावची जमात इथे कशी चालते, तुला माहीत आहे. तू तिच्यावर हसायचास. कुणाचं लग्न, कुणाचं भांडण, कुणाचा इकामा, सगळं आधी जमातीच्या थोरल्या उस्मानचाचांच्या मागच्या खोलीत. ठाण्यात जायच्या आधी त्यांनी मला तिथे बसवलं. मी त्यांना खरं सांगितलं, हेही लिहून ठेवतो. त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "आपला एक माणूस इस्पितळात आहे. दुसरा आत जाऊ द्यायचा? तुझी पोर आहे, बायको आहे, दुकानात गावची चार पोटं आहेत. त्या ड्रायव्हरने ढकललं. गावाचं गावात. खलास." पाठीवर हात ठेवला. तीस वर्षांत चाचांनी माझ्या पाठीवर असा हात कधी ठेवला नव्हता. त्या हाताने मी बुडालो. वाईट माणसं नाहीत रे ती. माझ्यावर माया म्हणून केलं. त्या यमन्याच्या वाटची माया मात्र त्या खोलीत कुणाकडेच नव्हती.

ठाण्यात तरुण अधिकारी होता, सभ्य. मला पाणी दिलं. मी माझ्या बाजारी अरबीत चार तुकडे फेकले. ड्रायव्हरने ढकललं, माझा दोस्त पडला. त्याने ते ऐकून सुंदर शुद्ध अरबीत लिहून काढलं आणि मला वाचून दाखवलं. इतकं नेटकं होतं की माझं मलाच खरं वाटलं. मी अंगठा टेकवला. तेव्हा तू जिवंत होतास. मला वाटलं, शुद्धीवर येशील, मला शिव्या घालशील, आणि सगळं निस्तरेल. तू नेहमीच निस्तरायचास ना.

सोमवारी गेलास.

आणि मधल्या रविवारी मी काय केलं, सांगू? सकाळी नऊला बादली आणि खराटा घेऊन गेलो. पायरी घासली. दगड सच्छिद्र, लवकर निघेना. साबण टाकला, परत घासली. गटारीकडे पाणी लोटलं. चहावाला दुरून बघत होता. गठ्ठ्यांतलं भिजलेलं कापड बाजूला काढलं, कोरडं मांडलं, आणि बरोबर दहाला शटर उघडलं. पहिलं गिऱ्हाईक आलं. त्याला पायरी ओली दिसली, तर म्हणाला, "माशाल्ला, दुकान किती स्वच्छ ठेवता."

इक्बाल, मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. तुझं वाक्य कानात वाजायला लागलं. जिंकलास, मेल्या. पंधरा वर्षांचं भांडण एका बादलीत जिंकलास. बाजार मीच मांडला आणि रक्तही मीच धुतलं. तुझ्या त्या होडीवाल्यांच्या बाजारातही कुणीतरी हमीद सकाळी लवकर येत असणार. नंतरच्या पिढ्या येऊन म्हणणार, बघा, किती गुण्यागोविंदाने शेपट्या टाकल्या यांनी! समासात लिही आता. हमीदला काय सांगू म्हणून विचारत होतास ना? काही सांगू नकोस. त्याला समजलं.

जनाजा असरनंतर झाला. पाच मयतं ओळीने. त्यातलं तुझं कोणतं ते मला चादरीवरून कळलं. इमामाने सलाम फेरून नमाज संपवली आणि लोक खांदे द्यायला धावले. सगळं झटपट. आपल्या गावात कसं असतं? नमाजच्या आधी घरचा कोणीतरी उभा राहतो. म्हणतो, मयताने कुणाला दुखावलं असेल, काही कमीजास्त बोललं असेल, तर आज अल्लासाठी माफ करा. आणि सगळे मिळून म्हणतात, माफ केलं. इथे तसं कुणी विचारलं नाही. मी खांदा देता देता मनातल्या मनात म्हटलं, माफ केलं रे, पेला फोडलास तो, तीन शनिवार आला नाहीस ते, सगळं.  आणि मग लक्षात आलं, ही रीत एकाच बाजूची आहे. जिवंतांना विचारतात, मयताला माफ करता का. मयताला कुणीच विचारत नाही की बाबा, तू यातल्या कुणाला माफ करतोस. तुला कुणी विचारायचं? आणि तू काय म्हणाला असतास?

घरी आलो तर पोरगी दारात. तुझी विद्यार्थिनी, अकरावीत तूच तिला इंग्रजीत पहिली आणलीस. रडून डोळे सुजलेले. "अब्बा, डिड दॅट मॅन रिअली डू इट?" मी म्हटलं, "हो." मराठीत म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि आत गेली. तिने तुझ्याकडून व्याकरण घेतलं ते घेतलंच, वर तुझी ती बघायची नजरही घेतलीय.

मग सात दिवस मी जेवलो, झोपलो, माल विकला. सालेमचा एक गाववाला आला होता. भांडायला नाही. हात जोडून म्हणाला, सालेम म्हणतो, उस्तादच्या दोस्ताला माझा सलाम सांग, तो येईल आणि खरं सांगेल. इतका विश्वास! मी त्याला सांगितलं, येतो. तो गेला आणि मी दुकानातल्या आरशाला, एहराम नेसून बघायचा तो मोठा आरसा, त्याला सळईने हाणलं. एकदा नाही. चौकटीत काहीच उरेनासं होईपर्यंत थांबलो नाही. तीच सळई. काचा गोळा करायला या वेळी सांगणारं कोणी नव्हतं.

काल तुझ्या घरी, नसीमाभाबीकडे गेलो. इद्दतीत आहे ती, नवरा गेल्यावरचे चार महिने, म्हणून पडद्याआड. मी बाहेरच्या खोलीत सतरंजीवर. तुझे चष्मे टीव्हीवर तसेच. पडद्यामागून म्हणाली, "हमीदभाई, एकच विचारायचंय. शेवटचं काय बोलले ते? कलमा आला का ओठावर?"

इस्पितळात हेच तिने विचारलं होतं आणि मी 'आला' म्हणालो होतो. आता परत विचारलं. बायकांना कळतं रे.

मी म्हटलं, "नाही, भाबी. 'हमीद, हात खाली' म्हणाला. माझा हात वर होता. माझ्या हातात सळई होती. मी हिसडा दिला आणि तो पडला. ड्रायव्हरने त्याला बोटही लावलं नाही. मी खोटं सांगितलं."

 मग पडद्यातून स्टीलचा तांब्या आला. सरळ माझ्या कपाळावर. रक्त डोळ्यात उतरलं आणि खरं सांगू, सात दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. मी तसाच बसून राहिलो. म्हटलं, "भाबी, मला माफ कर."

तुझी बायको आहे ती. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "मी माफ करणारी कोण? आधी त्या यमन्याला सोडवून आणा. त्याच्याही घरी पडद्यामागे कोणी बसलं असेल. मग या. मग बघू. आणि हमीदभाई, तिथलं टेबलावरचं कापड रक्ताला लावा, इथे थेंब पाडू नका. मी धुणार नाही."

निघालो. जिना उतरताना डोकं ठणकत होतं आणि मी रडत होतो आणि तुझ्यावर चिडलो होतो. मध्ये यायला कुणी सांगितलं होतं तुला? शाळेत खिडकी फुटली तेव्हाही मध्ये आलास, आताही. आयुष्यभर दुसऱ्याच्या वाटचं खायची खोड. आता तुझ्या जागी तो सालेम खातोय.

उस्मानचाचांना सकाळी दुकानाची किल्ली नेऊन दिली. कपाळावरची पट्टी बघून काय समजायचं ते समजले. "वेडा झालास? तुला आत टाकतील. इकामा जाईल. पोरीचं शिक्षण?" मी म्हटलं, चाचा, पोरगीने मला विचारलं होतं आणि मी तिला खोटं सांगितलं, ते शिक्षण मी दिलंय तिला, ते आधी पुसू दे. चाचांनी किल्ली मुठीत धरली. मग हळूच म्हणाले, "मी बरोबर येऊ?" म्हातारा आहे, गुडघे दुखतात. मी नको म्हटलं. पण त्यांनी विचारलं हे तुला कळावं, कारण तू नेहमी त्यांच्यावर हसायचास.

पोरीलाही सांगितलं, पूर्ण मराठीत.  मग तिनेही मराठीतच विचारलं, "अब्बा, मी वही सरांच्या घरी पोहोचवू का?" हो म्हटलं. म्हणजे संध्याकाळी ती ठाण्यातून वही नेईल आणि ही पानं भाबी वाचेल. वाचू दे.

आत्ता ठाण्यासमोरच्या कट्ट्यावर बसलोय. ऊन तापायला लागलंय. आतमध्ये तोच तरुण अधिकारी आहे, मघाशी चहा घेऊन जाताना दिसला. त्याला माझं मोडकं अरबी परत ऐकावं लागणार. या वेळी त्याने लिहिलेलं मी नीट वाचून घेणार, शब्द न् शब्द, तू पेपर तपासायचास तसा. पुढे काय होईल माहीत नाही. एका वकिलाला फोन करून विचारलं, तो म्हणाला, काही सांगता येत नाही. घाबरलोय. तुझ्यापासून कशाला लपवू?

चौथं प्रकरण पुरं करता आलं असतं तर केलं असतं रे, पण माझं इंग्रजी तुला ठाऊक आहे. समासात तुझ्या प्रश्नाखाली माझं नाव, आजची तारीख आणि 'मान्य' एवढं लिहिलंय.

ठाण्याचं दार उघडलंय. सालेमचा तो गाववाला समोरून येतोय, त्याने मला ओळखलं. वही मिटतो आता. इक्बाल, हात खाली केलाय. उशीर झाला, पण केलाय.